देव नसेल तर आबा कुठून बघणार?

प्रिय ईरा,

काल रात्री दिवा घालवताना तू विचारलंस, "आई, तू म्हणतेस तुला देव आहे असं वाटत नाही. मग सर्वपित्रीला आबांचं पान कशाला वाढतेस? देव नसेल तर आबा कुठून बघणार?" मी "झोप आता" म्हणाले, ते चुकलंच. आज तू शाळेत गेलीस तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले. अडलेल्या शब्दाखाली रेघ मार, रविवारी मिळून वाचू.

तू धरून चालली आहेस की देव असेल तरच गेलेली माणसं कुठेतरी असतील. तुझ्या वर्गातल्या काही मैत्रिणींच्या घरी तसंच सांगतात: देव स्वर्गात आहे, आजोबा त्याच्याकडे गेले. पण आपल्या सांगलीच्या घरात या दोन गोष्टी मी दोन वेगळ्या माणसांकडे पाहिल्या.

माझे वडील, तुझे आबा, विज्ञान शिकवायचे. देव्हाऱ्यासमोर हात जोडलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत. पण त्यांच्या वडिलांच्या तिथीला ते पहाटे उठून अंघोळ करायचे, दक्षिणेकडे तोंड करून पाटावर बसायचे आणि तीळ घातलेलं पाणी सोडायचे. तुझ्याएवढी असताना मी विचारलं, देव मानत नाही तर हे काय? ते म्हणाले, "देवाचं मला सांगता येत नाही. हे माझे वडील." आणि पुढचं पाणी सोडायला लागले.

आजीचं नेमकं उलट. सकाळी विठोबाला तुळस वाहिल्याशिवाय ती चहा घेत नाही, हे तू पाहिलं आहेस. पण मेल्यावर काय होतं विचारलं की म्हणते, "कुठलं काय? कोण बघून आलंय?" आबा गेले तेव्हा समाचाराला येणाऱ्या बायका सांगत होत्या, तिकडं भेट होईल तुमची. आजी सगळ्यांसमोर म्हणाली, "तिकडचं मला सांगू नका. मला इथं पाहिजे होते." त्या दिवशीही तिने संध्याकाळी विठोबापुढे दिवा लावला. देवावर रागावली नव्हती ती. देवाकडे तिने ते मागितलंच नव्हतं. आपल्याकडे हे जुनं आहे. तुकोबांनी तर देवाला सांगूनच टाकलं की मुक्ती नको, संतांची संगत दे आणि मग खुशाल पुन्हा गर्भवासात घाल. देवावर इतकं प्रेम, आणि मरणानंतरच्या बक्षिसाची ओढ नाही.

आता आबांच्या हाताकडे बघ. देवांना पाणी सोडायचं तर ते बोटांच्या टोकांवरून सोडतात आणि तोंड पूर्वेला असतं. पितरांना सोडायचं तर अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधून, दक्षिणेकडे बघत. खांद्यावरचं उपरणंसुद्धा बदलतं, डाव्या खांद्यावरून उजव्यावर, त्याला अपसव्य म्हणतात. देवांना देताना 'स्वाहा', पितरांना देताना 'स्वधा'. ज्यांनी हे विधी रचले त्यांनी देव आणि पितर एकमेकांत मिसळू नयेत म्हणून बोटाबोटाची काळजी घेतली आहे. मला हे फार आवडतं.

आपल्या जुन्या विचारवंतांत तर एक अख्खा पंथ होता, मीमांसकांचा. यज्ञ आणि श्राद्ध यांच्या बाजूने त्यांच्याइतकं कुणीच भांडलं नसेल. त्यांच्यासाठी आत्मा होता, स्वर्ग होता, पण जग निर्माण करणारा देव नव्हता. त्यांच्यातल्या शबरस्वामींनी लिहिलं की देवतांना शरीर नसतं, त्या येऊन जेवत नाहीत. फळ देव देत नाही, केलेल्या कर्मातूनच एक न दिसणारी शक्ती तयार होते आणि तीच पुढे फळ देते. त्या शक्तीला ते 'अपूर्व' म्हणत. नंतर कुमारिल भट्टांनी जग निर्माण करणारा कुणी असूच शकत नाही, असं सविस्तर मांडलं. म्हणजे स्वर्ग आहे, पण त्याचा मालक कुणी नाही.

आमच्या शेजारचं घर जैन होतं. सांगली-कोल्हापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी, मराठी बोलणारी खूप जैन घरं आहेत. तेही जग निर्माण करणारा देव मानत नाहीत, पण पुनर्जन्म अगदी ठाम मानतात. आणि म्हणूनच श्राद्ध नाही! जीव लगेच पुढच्या जन्मात गेला, मग पान वाढायचं कुणाला? आपल्या पुराणांनाही ही अडचण दिसली होती. त्यांनी उत्तर काढलं की तो माणूस गाय होऊन जन्मला असेल तर श्राद्धाचं अन्न त्याला गवत होऊन पोचतं. मला हे उत्तर पटत नाही, पण प्रश्न टाळला नाही याचं कौतुक वाटतं.

चार्वाक नावाच्या जुन्या विचारवंतांनी दोन्ही नाकारलं, देवही आणि परलोकही. त्यांच्या नावावर एक श्लोक सांगतात: मेलेल्या माणसाचं पोट श्राद्धाने भरत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची? घरीच त्याच्या नावाने पान वाढा. मी इकडे न्यूझीलंडला यायला निघाले तेव्हा आजीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. सिंगापूरच्या विमानतळावर ती शिदोरी खायला उघडली तेव्हा हा श्लोक आठवला आणि रडू आलं. चार्वाकांचं म्हणणं बरोबर आहे. घरी वाढलेलं पान माझ्यापर्यंत पोचलं नसतं, म्हणून तर तिने बांधून दिलं.

बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बौद्ध धम्म घेतला, तेव्हा लोकांना 22 प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही ही एक. श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, ही दुसरी, वेगळी. देव सोडले की श्राद्ध आपोआप सुटतं असं त्यांनी गृहीत धरलं नाही. आबांसारखी माणसं त्यांना नीट माहीत असणार.

आता माझं. देव नाही असं मला का वाटतं ते कधीतरी वेगळं सांगेन. आबांबद्दल मात्र तू विचारलंस म्हणून खरं लिहिते: मला वाटतं, ते आता कुठेच नाहीत. आणि याचं कारण देवाशी जोडलेलं नाही. शेवटच्या वर्षात त्यांना माझं नाव आठवेना. मग आजीचं. मेंदू थोडा थोडा विझत गेला तसे आबा कमी होत गेले. पूर्ण विझल्यावर ते पुन्हा सगळेच्या सगळे कसे असतील, हे मला समजत नाही. उद्या कुणी मला देव आहे असं पटवून दिलं, तरी माझा हा प्रश्न तसाच राहील. तुला वेगळं वाटलं तर वाटू दे, मला सांग फक्त.

पान वाढते कारण त्या दिवशी स्वयंपाक एकाच माणसाला आठवून करता येतो. वडे जरा जास्त तळलेले, खीर कमी गोड, आमसुलाची चटणी, इंडियन स्टोअरमधली फ्रोझन गवार. कावळा ऑकलंडात दिसत नाही. पान बाहेर ठेवलं की साळुंक्या येतात, त्याही मूळच्या आपल्याकडच्याच, माणसांनी इथे आणलेल्या. गेल्या वर्षी तू खिडकीतून ओरडलीस, "आई, वडा नेला!" त्या क्षणी मी काय मानते, काय मानत नाही, काही आठवलं नाही. बरं वाटलं.

आणि तूच जूनमध्ये मातारिकीच्या पहाटे शाळेच्या मैदानावर काय केलंस ते आठव. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका, त्या पहाटे पुन्हा दिसू लागल्या की इथल्या मूळच्या माओरी लोकांचं नवं वर्ष सुरू होतं. त्यांतला पोहुतुकावा नावाचा तारा माओरी परंपरेत त्या वर्षी गेलेल्या माणसांचा. बाईंनी प्रत्येकाला आपल्या गेलेल्या माणसाचं नाव म्हणायला सांगितलं, आणि तू थंडीत कुडकुडत आबांचं नाव घेतलंस, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आधी कुणी विचारलं नाही की तू देव मानतेस का.

तर माझं एक काम कर. घटस्थापनेच्या दिवशी, जेव्हा घरोघरी देवी बसते, त्याच दिवशी आईच्या वडिलांचं श्राद्ध असतं. त्याला आजेपाडवा म्हणतात. परंपरेत ते नातवाने करायचं, मी ते नातीला सांगते आहे. यंदा आबांचं पान तू वाढ. तेव्हा तीन पिढ्यांची नावं घेतात: आबांचं, त्यांच्या वडिलांचं आणि आजोबांचं. पहिली दोन तुला येतात. तिसरं मलाही माहीत नाही, आजीला विचारायला हवं. आपले दुपारचे चार वाजले की तिकडे सकाळचे साडेनऊ असतात, तोवर तिची पूजा आटोपलेली असते. शाळेतून आलीस की फोन लाव, आणि नाव वहीत लिहून घे.

तुझी,
आई