पेशंट विचारतेय, मी काय सांगू?

प्रश्न: सर, मी नाशिकला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात निफाडकडच्या एक मावशी ॲडमिट आहेत, कॅन्सर पसरलाय. मुलाने हात जोडून सांगितलंय की आईच्या कानावर काही घालू नका, ती हाय खाईल. आणि मावशी मला रोज विचारतात, "पोरी, माझं आता काय खरं नाय ना?" मी बीपी घेते आणि निघून येते. एथिक्सच्या पेपरात ऑटोनॉमीवर, म्हणजे पेशंटच्या स्वतः ठरवायच्या हक्कावर, पानभर लिहिलं होतं, इथे काहीच सुचत नाही. हे शिकवतात कुठे?
- एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर: कागदावर आहे गं सगळं. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमात एटकॉम आलं, म्हणजे डॉक्टरची वृत्ती, नैतिकता आणि संवाद शिकवणारा भाग, मेडिसिनमध्ये कॅन्सरच्या धड्यात मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामक औषधं आणि आयुष्याच्या शेवटच्या काळातले नैतिक प्रश्न आहेत. पण हे बेडजवळ बसून शिकायचं असतं आणि राउंडला तेवढा वेळ कुणी देत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मावशींचं. निदान सांगणं तुझं काम नाही, ते युनिटच्या डॉक्टरांचं, पण "काही नाही झालंय, बऱ्या व्हाल" असं खोटंही बोलायचं नाही. स्टूल ओढून बस आणि विचार, "मावशी, तुम्हाला असं का वाटतंय?" मग गप्प राहा. बहुतेक वेळा पेशंटला बरंच कळलेलं असतं, घरचे रडतात म्हणून तेही बोलत नाहीत, दोन्हीकडून लपवालपवी आणि मधे माणूस एकटा पडतो. त्यांना किती जाणून घ्यायचंय तेही विचार, कुणी म्हणतं सगळं सांगा, कुणी म्हणतं माझ्या मुलाशीच बोला, आणि नको म्हणायचा हक्कसुद्धा ऑटोनॉमीच आहे. जे बोलतील ते त्याच दिवशी रजिस्ट्रारला, म्हणजे वॉर्डातल्या सीनियर निवासी डॉक्टरला, सांग.

मुलाला व्हिलन समजू नकोस. त्याला विचार की आईला कळलं तर नक्की कशाची भीती वाटते. बऱ्याचदा उत्तर निघतं खर्चाचं, नाहीतर तिच्या हातून राहून गेलेल्या एखाद्या कामाचं. सिसिली साँडर्स यांनी लंडनला 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या काळातल्या पेशंटची काळजी घेणारं रुग्णालय, सुरू केलं, त्यांचं म्हणणं हेच होतं की दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं, घरच्यांचं, पैशाचं, श्रद्धेचं असं सगळं मिळून असतं.

आणि हो, मावशींना रात्री झोप लागते का ते बघितलंस? दुखत असेल तर बाकीच्या गप्पांना अर्थ नाही. तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन साधारण दर 4 तासांनी, दुखायची वाट न बघता द्यायचं असतं, सोबत पोट साफ व्हायचं औषध लागतं कारण बद्धकोष्ठता हमखास होते. मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं, हा समज नातेवाइकांचाच नाही, डॉक्टरांचाही आहे. 2014 साली एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्यात, दुरुस्ती होऊन ते मिळवणं सोपं करायची वाट मोकळी झाली, तरी भीती आहेच.

तुमच्या मॅडमना सांग, पुढच्या एटकॉमच्या तासाला हीच केस नाव न घेता घ्या, एकाने मावशी व्हायचं, एकाने मुलगा, आणि तू डॉक्टर. लेक्चर नकोच म्हणावं, एक तास फक्त हेच करू.