ती गप्प बसणारी नाही, मग एटीसीत पाठवू का?

प्रश्न: माझी मुलगी लातूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एअर ट्रॅफिक कंट्रोलर (एटीसी), म्हणजे आकाशातल्या विमानांना वाट दाखवणारी, व्हायचं म्हणून तिने विमानतळ प्राधिकरणाच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केलाय. तिचे बाबा सरकारी खात्यात अभियंता आहेत. एका कामाच्या दर्जाबद्दल त्यांनी लेखी हरकत घेतली आणि मग बदल्यांवर बदल्या सोसल्या. मुलगी त्यांच्यावरच गेली आहे, चुकीचं दिसलं की तोंडावर बोलते. सुरक्षेबद्दल तक्रार करणाऱ्या कंट्रोलरनाच त्रास दिला जातो असं वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. तिला दुसरं काही बघ म्हणू का?

उत्तर: ताई, तसं म्हणू नका. तुमची भीती मात्र खरी आहे, आणि "काही होत नाही हो" असं म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही.

तुम्ही वाचलंत तसं घडलेलं आहे. अमेरिकेत डॅलस-फोर्ट वर्थच्या रडार केंद्रात अ‍ॅन व्हाइटमन नावाच्या कंट्रोलर होत्या. कंट्रोलरच्या चुकीने दोन विमानांमधलं किमान अंतर मोडलं की त्याची नोंद आणि चौकशी व्हावी लागते. त्यांच्या केंद्रात अशा चुका वर्षानुवर्षं दडपल्या जात होत्या. त्यांनी ते उघड केलं आणि त्यानंतर आपला छळ झाला, अशी त्यांची तक्रार होती. २००५ मध्ये सरकारी चौकशीत त्यांचं म्हणणं खरं ठरलं. प्रकरण तिथे मिटायला हवं होतं. पण २००७ मध्ये त्यांना पुन्हा दाद मागावी लागली, आणि २००८ च्या अहवालात निघालं की नोव्हेंबर २००५ ते जुलै २००७ या काळात तिथल्या व्यवस्थापकांनी ६२ घटना जाणूनबुजून चुकीच्या रकान्यात टाकल्या होत्या. कुठे 'वैमानिकाची चूक' असं लिहिलं होतं, कुठे 'विशेष काही नाही'. एकदा खरं ठरूनही त्या बाईंना दुसऱ्यांदा लढावं लागलं, हे मला फार लागतं.

पण गप्प बसण्याची किंमतही बघा. जुलै २००२ मध्ये जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमानं हवेत धडकली आणि ७१ जण गेले. तिथल्या आकाशाची जबाबदारी असलेल्या झुरिचच्या कंट्रोल केंद्रात त्या रात्री एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता. दुसरा विश्रांतीला गेला होता आणि यंत्रणेच्या देखभालीचं कामही चालू होतं. रात्री असं एकट्यावर सोडायची तिथे पद्धतच पडली होती, आणि ती व्यवस्थापनाला माहीत होती. २००७ मध्ये ते केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या चौघांना न्यायालयाने दोषी ठरवलं.

आता तुमच्या मुलीकडे येते. तोंडावर बोलायची सवय या नोकरीत रोजच लागते. कंट्रोलर विमानाला उंची सांगतो आणि वैमानिक ती परत म्हणून दाखवतो. सांगितले नऊ हजार फूट आणि पलीकडून ऐकू आलं दहा हजार, तर त्याच सेकंदाला "निगेटिव्ह" म्हणून दुरुस्त करावं लागतं. समोर पंचवीस वर्षं विमान उडवलेला कॅप्टन असला तरी. त्या वेळी भिडेखातर गप्प राहणारी मुलगी मला तिथे नको वाटेल. तुमची चालेल.

तिला शिकायचं आहे ते कागदावर बोलायला. "सिस्टीम फार हँग होते, कधीतरी अपघात होईल" असं चिडून लिहिलेलं पत्र कुणीही बाजूला सारतो. त्याऐवजी अमुक तारखेला, इतक्या वाजून इतक्या मिनिटांपासून इतक्या वाजेपर्यंत स्क्रीनवरची विमानांची लेबलं तीनदा गेली, त्या वेळी माझ्याकडे अकरा विमानं होती, मी हे केलं, वॉच सुपरव्हायझरना (पाळीच्या प्रमुखांना) या वेळी सांगितलं, असं लिहिलं की ते नाकारणं अवघड जातं. कुणाच्या हेतूबद्दल एक अक्षर नको. आधी ड्यूटीच्या लॉगमध्ये, मग अंतर्गत सेफ्टी रिपोर्टमध्ये, गरज पडली तर डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या ऐच्छिक रिपोर्टिंगमध्ये. नोंदणी क्रमांक आणि पोच जपून ठेवायची. रडारच्या स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं किंवा परस्पर पत्रकाराला फोन करणं मात्र नाही. त्याने तक्रार बाजूला पडते आणि शिस्तभंगाची चौकशी पुढे येते. तिच्या बाबांना तिच्याशी एकदा सविस्तर बोलू द्या. आपल्या हरकतीच्या पत्रात काय ठेवायला हवं होतं आणि काय राहून गेलं, हे त्यांच्याइतकं नेमकं मी सांगू शकणार नाही.

आणि एकटीने जायचं नाही. ६ आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्ली विमानतळावर फ्लाइट प्लॅनचे संदेश पोचवणारी यंत्रणा बिघडली, कंट्रोलरना ते काम हाताने करावं लागलं आणि आठशेहून जास्त उड्डाणं रखडली. ऑटोमेशन यंत्रणांच्या ढासळत्या कामाबद्दल आपण जुलैमध्येच लेखी कळवलं होतं, असं तेव्हा एटीसी गिल्ड या कंट्रोलरच्या संघटनेने सांगितलं. पत्र संघटनेच्या लेटरहेडवर गेलं की एका माणसावर डूख धरता येत नाही. पहिल्याच पोस्टिंगला तिने गिल्डच्या लोकांशी ओळख करून घ्यावी.

कायद्याचं पाठबळ कच्चं आहे, हे तिला स्पष्ट सांगा. जागल्यांना, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो अजून अमलात आणलेला नाही. मला हे अक्षम्य वाटतं. हाताशी आहे तो २००४ चा सरकारी ठराव, महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणाऱ्या सत्येंद्र दुबे या अभियंत्याच्या हत्येनंतर निघालेला. त्याखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार देता येते आणि नाव गुप्त ठेवलं जातं. निनावी तक्रार मात्र घेत नाहीत, आणि विषय भ्रष्टाचाराचा किंवा अधिकाराच्या गैरवापराचा लागतो. निव्वळ तांत्रिक बिघाड त्यात बसत नाही. डेन्मार्कने २००१ मध्येच कायदा करून स्वतःहून चूक कळवणाऱ्या कंट्रोलरला शिक्षेपासून संरक्षण दिलं, आणि कळवण्याचं प्रमाण एकदम वाढलं. आपल्याकडे तसं व्हायला हवं.

तिच्यावर राग निघालाच, तर बहुधा बदलीतून निघेल. तुमच्या घराला बदली नवी नाही, पण इथे ती जास्त टोचते. कंट्रोलरचं रेटिंग, म्हणजे स्वतंत्रपणे काम करण्याची पात्रता, त्या त्या ठिकाणापुरतं असतं. नव्या स्टेशनवर पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा परीक्षा, तोवर स्वतंत्रपणे काम नाही. दुसरा मार्ग म्हणजे अचानक "हिची तयारी कमी पडते" असा शेरा. म्हणून प्रत्येक प्रोफिशियन्सी चेकचा (कामातलं कौशल्य तपासणाऱ्या चाचणीचा) निकाल आणि वार्षिक गोपनीय अहवालाची प्रत पहिल्या वर्षापासून तिच्याकडे असावी. भांडण सुरू झाल्यावर ती गोळा करायला गेलं की फार उशीर झालेला असतो.

आता आजचं काम. बी.एस्सी.ला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही विषय लागतात, तिची गुणपत्रिका एकदा तपासा. वयाची मर्यादा साधारण २७ आहे, आरक्षणानुसार सवलत मिळते. लेखी परीक्षेनंतर आवाजाची चाचणी असते आणि वैद्यकीय तपासणीही होते. क्लासची फी भरण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. रंग ओळखण्यात अडचण निघाली तर ती आत्ताच कळलेली बरी.