गावाला येण्याचे पैसे मेसच्या पैशांतून नकोत

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या गावात राहतो. पतींची मच्छीमार बोटीत भागीदारी आहे आणि घरची हापूसची थोडी कलमे आहेत. गेल्या वर्षी मुलीला मुंबईत माटुंग्याच्या बाजूला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. आम्ही इतर मागास प्रवर्गातील असल्यामुळे तिची फी माफ झाली, तेव्हा मोठे ओझे उतरले असे वाटले. परंतु वसतिगृह, मेस, पुस्तके आणि येणे-जाणे यांचा खर्च आटोक्यात येत नाही. पती रोज रात्री फोनवर तिच्याकडून पैशापैशाचा हिशेब घेतात. शिमग्याला ती न कळवता घरी आली. मेसचे पैसे भरले असे तिने सांगितले होते, पण तिकिटासाठी तिने पंधरा दिवस मेस बंद ठेवली होती आणि वडापाव खाऊन दिवस काढले होते, हे नंतर कळले. पती म्हणतात, मुलगी खोटे बोलायला शिकली. डोंबिवलीची नणंद म्हणते, तिला आमच्याकडेच ठेवा. आणि पुढच्या वर्षाच्या खर्चासाठी पती आंब्याच्या दलालाकडून उचल घेण्याच्या विचारात आहेत. आम्ही काय करावे?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील ज्या गोष्टीने तुमचे यजमान दुखावले आहेत, त्याच गोष्टीकडे आधी नीट पाहू. तुमची मुलगी खोटे बोलली हे खरे आहे. पण ते पैसे तिने चैनीत घातलेले नाहीत, ती ते खर्चून तुमच्या दारात आली आहे. शिमग्याला पालखी घरी येत असताना आपण तिथे नसावे हे तिला सोसवले नाही, आणि तिकिटाचे पैसे मागितले तर ‘आत्ताच तर पाठवले होते’ असे ऐकावे लागेल या धास्तीने तिने स्वतःच्या पोटाला चिमटा घेतला. तिला रागावण्याआधी घराने स्वतःला विचारायला हवे की पैसे मागणे तिला उपाशी राहण्यापेक्षा अवघड का वाटले.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की, गावाला येण्या-जाण्याचा खर्च तिच्या महिन्याच्या पैशांतून कायमचा बाहेर काढा. तो खर्च घराचा आहे, असे तिला तुम्ही दोघांनी मिळून सांगा. वर्षातून गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे महिना अशा चार वेळा ती येणार हे ठरवून टाका, त्यांची तिकिटे तुम्ही काढा, आणि एका जास्तीच्या खेपेचे पैसे तिच्या खात्यात निराळे पडून राहू द्या, ज्यांचा हिशेब कोणी विचारणार नाही. परीक्षेत मार खाल्ल्यावर, ताप आल्यावर किंवा नुसतेच घर आठवल्यावर मुलीला रात्रीच्या गाडीत बसता आले पाहिजे. अठरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मी याला उधळपट्टी मानत नाही.

या खेपा तुम्हाला वाटतात तितक्या महाग पडत नाहीत, मात्र त्यासाठी आधीपासून तयारी हवी. सुट्टीत घरी येणाऱ्या विद्यार्थ्याला रेल्वेच्या स्लीपर आणि द्वितीय श्रेणीच्या मूळ भाड्यात सवलत मिळते. सर्वसाधारण प्रवर्गासाठी ती 50 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी 75 टक्के असते. त्यासाठी महाविद्यालयाच्या कार्यालयातून प्राचार्यांच्या सहीचा सवलतीचा दाखला घ्यावा लागतो आणि तिकीट स्टेशनच्या खिडकीवरूनच काढावे लागते. मोबाईलवरून तिकीट काढण्याच्या सवयीमुळे कितीतरी मुले ही सवलत हातची घालवतात. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण 60 दिवस आधी खुले होते. कालनिर्णय उघडून गणेश चतुर्थीसाठी ती ज्या दिवशी निघणार त्या दिवसापासून मागे 60 दिवस मोजा आणि त्या तारखेवर खूण करून ठेवा. तो दिवस चुकला की खासगी बसवाल्याच्या दारात उभे राहावे लागते, आणि गणपतीच्या तोंडावर तो किती भाडे सांगतो हे कोकणात कोणाला सांगायला नको.

स्टेशनपासून घरापर्यंतचा टप्पाही हिशेबात धरा. कोकण रेल्वे किनाऱ्यापासून बरीच आतून जाते, त्यामुळे नांदगाव किंवा कणकवलीला उतरून देवगडच्या बाजूला रिक्षा केली तर रात्रभराच्या रेल्वेप्रवासाहून जास्त पैसे तेवढ्या वाटेला जातात. कोकणकन्येसारखी रात्रीची गाडी घेतली तर ती सकाळी पोहोचते आणि पुढे एसटी मिळते. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीचे भाडे निम्मेच आहे.

आता मूळ अडचणीकडे येते. तुमच्या घरात पैसा येतो तो हंगामाला आणि मुलीचा खर्च मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला उभा राहतो. आंब्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या फळाचे पैसे, हाती पडते ती एप्रिल-मे महिन्यांत. पुढे 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असल्यामुळे बोट किनाऱ्याला ओढलेली असते, जाळी आणि इंजिनाची दुरुस्ती निघते, आणि नेमक्या त्याच दिवसांच्या आगेमागे वसतिगृहाची अनामत, मेसचा आगाऊ भरणा, ड्रॉइंगचे साहित्य आणि नव्या सत्राची पुस्तके समोर येतात. तुमच्या यजमानांची रोजची चौकशी मला याच ताणातून आलेली दिसते, त्यात मुलीवरचा अविश्वास असेलच असे नाही. मेमध्ये पट्टी आली की घरखर्च, बोटीची दुरुस्ती वगैरे वाटण्या करण्याआधी मुलीच्या वर्षाची रक्कम बाजूला काढा, आणि ती एकाच खात्यात न ठेवता बँकेत लहान लहान मुदत ठेवी अशा करा की दर महिन्याला एक सुटेल. ती सुटली की पैसे तिच्या खात्यात जातील. एकरकमी पैसे हाताशी असले की घरातल्या प्रत्येक अडीनडीला त्यांतूनच काढले जातात, म्हणून ही खटपट सुचवते आहे.

दलालाची उचल घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. उचल घेतली की पुढच्या मोसमातली पेटी त्याच्याच गाळ्यावर उतरवावी लागते, दर तो सांगेल तो, आणि मोहोर करपला किंवा अवकाळी पावसाने फळ डागळले तरी देणे उभेच राहते. त्याऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. फी माफ असली तरी वसतिगृह, पुस्तके आणि लॅपटॉप यांच्या खर्चासाठी असे कर्ज मिळू शकते. सर्वसाधारणपणे 4 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. मात्र गरज असेल तेवढेच घ्या, कारण ते पुढे तुमच्या मुलीलाच फेडायचे आहे.

कर्जाआधी सरकारी योजना पाहा. जुलै 2024 च्या निर्णयाने मुलींना मिळालेली माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे, राहण्या-जेवणाची नाही. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. इतर मागास प्रवर्गातील ज्या मुलांना शासकीय वसतिगृह मिळालेले नाही, त्यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. त्यांपैकी कोणती तुम्हाला लागू पडते ते महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात मुलीला विचारू द्या, आणि सातबाऱ्याचा उतारा, उत्पन्नाचा दाखला व आधारशी जोडलेले तिचे बँक खाते तयार ठेवा. हे पैसे वेळेवर येतील असे धरून मात्र चालू नका. आले की ते पुढच्या वर्षाकडे वळवा.

नणंदेच्या घराविषयी. कोकणातल्या कितीतरी पिढ्या मुंबईतल्या नातेवाइकांच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत राहून शिकल्या, तेव्हा त्यांच्या बोलण्यातले मन मोठेच आहे. पण डोंबिवलीहून माटुंग्याला रोज गर्दीच्या वेळी लोकलने जाणे-येणे, घरी आल्यावर पाहुणी म्हणून हाताला काम असणे, आणि रात्री जागून अभ्यास करायचा तर कोणाच्या झोपेत दिवा लावावा हा प्रश्न, हे सगळे पहिल्या दोन वर्षांत तिला जड जाईल. वसतिगृह मिळालेले आहे तर ते सोडू नका; शनिवार-रविवार तिने आत्याकडे जावे, घरचे जेवावे, आणि कधी आजारी पडली तर तिथे हक्काने राहावे. उद्या वसतिगृह सुटलेच आणि तिकडे राहायची वेळ आली, तर ‘पैसे घेणार नाही’ या शब्दावर विसंबू नका. भाडे म्हणून दिलेले पैसे नणंद परत करतील, म्हणून विजेचे बिल तुम्ही भरा, घरचे तांदूळ, कुळथाचे पीठ, कोकम आणि सोडे वेळच्या वेळी पोहोचवा, आणि हे सगळे मुलगी तिथे पाऊल टाकण्याआधी बोलून ठरवा. नाते टिकवायचे असेल तर हे बोलणे टाळून चालणार नाही.

राहिला रोजचा हिशेब. तो महिन्यातून एकदाच घ्या आणि मुलीने लिहून पाठवावा; मेस, पुस्तके, लोकलचा पास आणि किरकोळ एवढी चार खाती पुरेत. किरकोळमध्ये काय होते ते विचारू नका. रात्रीच्या फोनवर यजमानांनी आधी ‘जेवलीस का?’ एवढेच विचारावे, आणि तिने दिलेले उत्तर मानावे. शिमग्याचा विषय पुन्हा काढायचा असेल तर तो त्यांनीच काढावा, आणि पुढच्या वेळी तिकिटाचे पैसे बिनधास्त मागायचे, असे तिला सांगण्यासाठी काढावा.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावीनंतर त्याला रत्नागिरीत पदविकेला प्रवेश मिळाला आहे. आमच्या गावाहून एसटीने एका बाजूला पावणेदोन तास लागतात. पास काढून रोज ये-जा करू द्यावी, की खोली घेऊन द्यावी? त्याच्या हाती पैसे कसे द्यावेत?
— एक वडील, राजापूर तालुका

उत्तर : विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासात 66.67 टक्के सवलत मिळते, म्हणजे एक तृतीयांश रक्कमच भरावी लागते, त्यामुळे पैशांच्या बाजूने पाहिले तर पासाशी खोलीची बरोबरी होणारच नाही. पण रोजचे साडेतीन तास प्रवासात जाणार, आणि प्रात्यक्षिके संपेपर्यंत संध्याकाळ होणार. गावाकडची शेवटची गाडी किती वाजता सुटते आणि ती पावसाळ्यात किती वेळा रद्द होते, हे डेपोत जाऊन विचारा. ती गाडी भरवशाची असेल तर पहिले सत्र ये-जा करू द्या, आणि त्याचे गुण व तब्येत पाहून दिवाळीला पुन्हा ठरवा. गाडी भरवशाची नसेल तर मात्र आधी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा, आणि ते न मिळाल्यास दोन-तीन मुलांत मिळून खोली पाहा.

पैशांसाठी त्याच्या नावाचे बचत खाते उघडा. दहा वर्षांवरील मुलांना बँका असे खाते स्वतः चालवू देतात. त्याखेरीज यूपीआय सर्कल ही सोय आहे, तिच्यात तुमच्या खात्यातून ठराविक मर्यादेपर्यंत तो पैसे देऊ शकतो आणि प्रत्येक खर्च तुम्हाला दिसतो. ती अडीअडचणीसाठी ठेवा. महिन्याची ठरलेली रक्कम त्याच्या स्वतःच्या खात्यातच असू द्या, म्हणजे ती पुरवून वापरायची सवय त्याला लागेल.