ज्याँ-बातिस्त : नाव एक की दोन?

एका ताईंनी विचारलंय: "मुलीच्या उत्क्रांतीच्या धड्याची तयारी घेताना एका पुस्तकात 'जीन बाप्टिस्ट लॅमार्क' असं नाव वाचलं. मुलीने विचारलं, बाप्टिस्ट हे त्याच्या वडिलांचं नाव का? मला सांगता आलं नाही. मग हेच नाव त्या हिऱ्यांच्या व्यापाऱ्याचंही दिसलं, टॅव्हर्नियरचं. या दोघांचं काही नातं होतं का? आणि मराठीत हे लिहायचं कसं?"

मुलीची शंका अगदी मराठी आहे. आपल्याकडे तीन शब्दांचं नाव दिसलं की मधला शब्द वडिलांचा, हे डोक्यात इतकं पक्कं असतं की परकं नावही आपण त्याच साच्यात ओततो. पण इथे मधला शब्द वडिलांचा नाही, आडनावही नाही. 'ज्याँ-बातिस्त' हे सबंध एकच नाव आहे. आईने हाक मारायची ती या अख्ख्या नावाने.

मग दोन तुकडे कशाला? यासाठी परशुराम आठवा. आपल्या पुराणांत राम तीन. दशरथाचा, रेणुकेचा आणि कृष्णाचा थोरला भाऊ. कोणता राम हे कळावं म्हणून एकाच्या हातातला परशु त्याच्या नावाला चिकटला आणि तेच नाव झालं. परशुराम नावाच्या माणसाला कोणी 'परशु तुमच्या वडिलांचं नाव का हो?' असं विचारत नाही. ख्रिस्ती परंपरेतही योहान दोन मोठे आहेत. एक येशूचा शिष्य, शुभवर्तमान लिहिणारा. दुसरा यार्देन नदीत लोकांना बुडी देणारा, ज्याला मराठी बायबल 'बाप्तिस्मा करणारा योहान' म्हणतं. योहानाचं फ्रेंच रूप ज्याँ, आणि बुडी देणारा तो बातिस्त. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थच बुडवणं. म्हणजे ज्याँ-बातिस्त हा फ्रेंचांचा परशुराम. फक्त याच्या हाती परशूऐवजी पाणी.

हे निव्वळ व्युत्पत्तीपुरतं नाही. घरोघरी हा दुसरा तुकडा खरोखर दोन ज्याँमधला फरक सांगायला वापरला जाई. नाटककार मोलिएरचं खरं नाव ज्याँ-बातिस्त पोक्लँ. १५ जानेवारी १६२२ला पॅरिसमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा नुसतं 'ज्याँ' नोंदलं गेलं होतं. पुढे धाकट्या भावाचं नावही ज्याँच ठेवलं, तेव्हा थोरल्याला बातिस्त जोडलं. एकाच घरात दोन मुलांना एकच नाव! आपल्याला हसू येईल, पण तिथे नाव बहुधा धर्मपित्याकडून, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेल्या बापाकडून यायचं, आणि दोन धर्मपिते ज्याँ असले तर काय करणार?

याहून चोख उदाहरण बेर्नादोतचं. दक्षिण फ्रान्समधल्या पो गावी १७६३ साली हा जन्मला. थोरला भाऊ आधीच ज्याँ होता. मग भाऊ झाला 'ज्याँ-एव्हाँजेलिस्त', म्हणजे शुभवर्तमानवाला, आणि हा 'ज्याँ-बातिस्त'. बायबलमधले दोन्ही योहान एका घरात नांदले. हाच मुलगा पुढे साधा शिपाई म्हणून फौजेत शिरला, नेपोलियनचा मार्शल झाला, १८१०मध्ये स्वीडनने त्याला वारस म्हणून निवडलं आणि १८१८मध्ये तो तिथला राजा झाला. स्वीडनचं आजचं राजघराणं त्याचंच. वारस म्हणून निवड झाल्यावर त्याने नाव घेतलं कार्ल योहान. बघा, ज्याँचा योहान करून तो ठेवला आणि बातिस्त सोडून दिला. स्वीडनच्या गादीवर दुसरा ज्याँ थोडाच बसला होता, की फरक सांगावा! नॉर्वेवरही त्याचंच राज्य होतं, म्हणून ऑस्लोचा मुख्य रस्ताही त्याच्याच नावाचा आहे, आणि त्या नावातही कार्ल आहे, योहान आहे, बातिस्त नाही.

आता उच्चार. पुस्तकातलं 'जीन' हे इंग्रजी डोळ्यांनी वाचलेलं फ्रेंच आहे. त्यातून उत्क्रांतीच्या धड्यात 'जीन' म्हणजे जनुक. ज्या बिचाऱ्या लामार्कच्या काळी जनुकाचा कोणाला पत्ताही नव्हता त्याच्या नावातच तो घुसवायचा, हा अन्याय आहे. फ्रेंच उच्चाराचा पहिला वर्ण इंग्रजी 'मेजर' या मोजमापाच्या शब्दातल्या मधल्या ध्वनीसारखा आहे. तो मराठीत नाही. 'जाँ' लिहिलं तर आपला वाचक तो 'जाऊ'मधल्या दंत्य ज-सारखा वाचणार. म्हणून कोणा शहाण्याने 'य' घालून 'ज्याँ' केलं आणि ते रूढ झालं. अगदी बरोबर नाही, पण सर्वांत कमी चुकीचं आहे.

दुसऱ्या तुकड्यात खरी गंमत. फ्रेंच लिखाणात 'प' असतो, पण म्हणताना तो गिळतात. म्हणून 'बाप्तिस्त' नव्हे, 'बातिस्त'. प गेला की बापही गेला, हे तुमच्या मुलीला सांगा. तिची शंका परस्पर मिटेल. काही जण लिखाणाला धरून 'बाप्तिस्त' लिहितात. मला ते पटत नाही. मोलिएर आपण कानाने लिहितो, मग हे डोळ्याने का?

नात्याचं म्हणाल तर लामार्क आणि ताव्हेर्निए (तुमचा टॅव्हर्नियर) यांचं काही नातं नाही. शंभराहून जास्त वर्षांचं अंतर आहे. ताव्हेर्निए जन्मला १६०५ला पॅरिसमध्ये, नकाशे विकणाऱ्याच्या घरी. लामार्क १७४४ला उत्तरेकडे पिकार्दीत, घरातलं अकरावं अपत्य. पण विचारलंत ते बरं झालं, कारण ताव्हेर्निएच्या काळात हे नाव किती दाट पसरलं होतं ते बघण्यासारखं आहे.

साल १६७०. राजा चौदावा लुई. त्याचा खजिना सांभाळणारा मंत्री ज्याँ-बातिस्त कोल्बेर. त्याचा संगीतकार ज्याँ-बातिस्त लुली. त्याचा नाटककार ज्याँ-बातिस्त पोक्लँ, म्हणजे मोलिएर. आणि वर्षभरापूर्वीच त्याला हिऱ्यांची मोठी खेप विकून उमरावपद मिळवलेला ज्याँ-बातिस्त ताव्हेर्निए. त्या ऑक्टोबरात शाँबोरच्या वाड्यात लुई शिकारीला गेला असता लुली आणि मोलिएर यांनी मिळून एक संगीतमय प्रहसन सादर केलं, त्यात मोलिएर स्वतः नाचला, लुलीही सोंग घेऊन उतरला. लोक या जोडीला 'दोन बातिस्त' म्हणत. म्हणजे फरक सांगणारा तुकडाच इतका झाला की पुन्हा फरक सांगायची वेळ आली! आणि त्याच ऑक्टोबरात इकडे शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले होते. तिथे एक फ्रेंच वखार होती, ती कोल्बेरने १६६४ साली उभारलेल्या कंपनीची. महाराजांनी त्या वखारीला हात लावला नाही.

लुली तर मुळात फ्रेंचही नव्हता. फ्लॉरेन्सचा, जोव्हानी बात्तिस्ता लुल्ली. १६६१मध्ये फ्रेंच प्रजाजन झाला आणि नावाचाही वेष बदलला. ताल देताना हातातली जड काठी स्वतःच्याच पायावर आपटून, जखम चिघळून १६८७ला गेला. मोलिएरची आपल्याला वेगळी ओळख करून द्यायला नको. हरी नारायण आपट्यांनी त्याची प्रहसनं मराठीत आणली, तेव्हापासून तो आपल्या रंगभूमीच्या ओळखीचा आहे. पण आपण त्याला ज्याँ-बातिस्त म्हणून ओळखत नाही. टोपणनावाने मूळ नाव पार खाऊन टाकलं.

ताव्हेर्निए जरा थांबून बघायला हवा. १६३० ते १६६८ या काळात त्याने पूर्वेकडे सहा सफरी केल्या, गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या खाणींपर्यंत गेला, आणि सुमारे ११२ कॅरेटचा एक निळा हिरा लुईला विकला. तो राजाने पुन्हा पैलू पाडून लहान केला, १७९२च्या क्रांतीच्या धामधुमीत तो चोरीला गेला, आणि आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जो ४५.५२ कॅरेटचा 'होप' हिरा काचेआड फिरतो तो त्याचाच उरलेला तुकडा. आता गंमत अशी की ताव्हेर्निए प्रॉटेस्टंट होता. संतांची पूजा करायची नाही असं मानणाऱ्या पंथातला, आणि नाव संताचं, उपाधीसकट. नाव एकदा रुळलं की ते कुठून आलं हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे नास्तिकांच्या घरी विनायक आणि दत्ता असतातच की.

कोल्बेरच्या घरात तर कहर होता. त्याचा थोरला मुलगाही ज्याँ-बातिस्त (पुढे नौदलाचा मंत्री), आणि पुतण्याही ज्याँ-बातिस्त (पुढे परराष्ट्रमंत्री). आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, पण बापाचं नाव बापाच्या देखत लेकाला? तिथे चालायचं, कारण माणसं सरकारदरबारी जहागिरीच्या नावाने ओळखली जायची: मुलगा सेन्यले, पुतण्या तोर्सी.

नावं इतकी तीच ती का, याला एक कायदाही कारण आहे. तो नंतरचा, १८०३चा. पंचांगातल्या संतांची किंवा प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींची नावंच ठेवता येतील असं त्यात होतं. १९६६मध्ये तो सैल झाला, १९९३मध्ये गेला. म्हणजे 'मुलीचं नाव काहीतरी युनिक हवं' हा हट्ट फ्रेंच आईबापांना अगदी परवापरवापर्यंत मोकळेपणी करता येत नव्हता.

एक घोळ मात्र लक्षात ठेवा. लामार्कचं पूर्ण नाव ज्याँ-बातिस्त प्येर आंत्वान द मोने, लामार्कचा सरदार. तिथे प्येर आणि आंत्वान ही जादा नावं, तीही वडिलांची नव्हेत. चित्रकार कोरोही जन्माने ज्याँ-बातिस्त, पण ओळखला गेला कामिय म्हणून. आणि इंजिनिअरिंगची पोरं गणिताच्या एम-थ्री पेपरात ज्याच्या नावाने बोटं मोडतात तो फूरिए, तो ज्याँ-बातिस्त जोझेफ, पण सगळे जोझेफच म्हणत. फ्रेंच कागदांवर नावांची माळ असते आणि त्यातलं एक नाव रोजच्या हाकेचं. कोणतं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. चित्रकार शार्दँ, अर्थशास्त्री से, ईजिप्तमध्ये मारला गेलेला सेनापती क्लेबेर, हे सगळे ज्याँ-बातिस्तच. पळून जाणाऱ्या सोळाव्या लुईला ओळखून वारेन गावी अडवायला लावणारा टपालचौकीवरचा द्रूए, तोही.

बोलीतही हे नाव उतरलं. शांत, निर्विकार माणसाला फ्रेंच लोक 'बातिस्तसारखा निवांत' म्हणतात. जुन्या प्रहसनांत बातिस्त नावाचा एक भोळसट असायचा, काही झालं तरी जागचा न हलणारा. आपला 'गणपा' म्हणा.

समुद्रापार गेलेले बातिस्त मला जास्त आवडतात. शिकागो जिथे वसलं तिथला पहिला कायमचा रहिवासी, अमेरिकेचे मूळ रहिवासी सोडले तर, एक कृष्णवर्णीय व्यापारी होता: ज्याँ-बातिस्त प्वँत द्यू साब्ल. अमेरिकेच्या सोनेरी डॉलर नाण्यावर साकाजाविआ या मूळ रहिवासी स्त्रीच्या पाठीवर जे बाळ झोपलंय, ते ज्याँ-बातिस्त शार्बोनो, १८०५चं. आणि कॅनडात क्वेबेकच्या फ्रेंचभाषकांचा हा संतच, २४ जून त्यांचा सण, होळ्या पेटवून करायचा.

त्याच २४ जूनला गोव्यात सांजांव. डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून पोरं विहिरींत उड्या मारतात, नवे जावई तर हमखास. 'सांव जुआंव बातिस्ता'मधला बातिस्ता बोलण्यात गळून पडला, पण त्याचं पाणी राहिलं. विहिरीतल्या त्या उडीत बुडी देणारा योहान पुरता शाबूत आहे. आणि तो गळलेला तुकडा दुसरीकडे आडनाव होऊन बसला. टिळकांचे सहकारी, १९१६च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर झालेले जोसेफ 'काका' बॅप्टिस्टा. माझगावच्या टेकडीवरची बाग त्यांच्याच नावाची आहे. तिथे मात्र ताई, बाप्टिस्टा हे खरोखर आडनाव.

आमच्या मराठ्यांच्या कागदांतही एक ज्याँ-बातिस्त आहे, दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेतला फिलोज. घराणं इटलीचं, नावाचं रूप फ्रेंच, चाकरी ग्वाल्हेरची. पण त्याच्यावर लिहायला बसलो तर तुमच्या मुलीची परीक्षा होऊन जाईल.

वहीत लिहायचं ते असं: 'ज्याँ-बातिस्त लामार्क', मधल्या आडव्या रेघेसकट. ती रेघ शोभेची नाही, दोन्ही शब्द मिळून एक नाव आहे हे तीच सांगते. आद्याक्षरं लिहायची झाली तरी फ्रेंच लोक दोन्ही अक्षरं रेघेने जोडून लिहितात. नुसतं 'ज्याँ लामार्क' कधी लिहू नका, ते परशुरामाला नुसतं राम म्हणण्यासारखं आहे. आणि परीक्षेत पुस्तकातलंच हवं असा बाईंचा आग्रह असेल तर मुलीने खुशाल 'जीन बाप्टिस्ट' लिहावं, मार्क जाऊ देऊ नयेत. फक्त वाचताना बातिस्त म्हणावं.