वन बीएचकेमध्ये गिटार रेकॉर्ड करायला सेकंडहँड १०० वॉटचा ट्यूब ॲम्प (जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हवर चालणारा) घेऊ का?

नका घेऊ. स्वस्तात मिळतोय हे मान्य, पण १०० वॉटचं हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) आणि चार स्पीकरचं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा खोका, हे स्टेजवरचं काम, त्याचा खरा टोन व्हॉल्यूम चढवल्याशिवाय येत नाही आणि तेवढा चढवलात की खालच्या मजल्यावरचे काका दारात हजर. बरं, १५ वॉटचा घेऊन सुटका होईल असंही नाही, कारण कानाला आवाज निम्मा वाटायला वॉट साधारण दसपट कमी करावे लागतात.

रेकॉर्डिंगमध्ये ॲम्प केवढा आहे हे माइकला कुठे कळतंय? एरिक क्लॅप्टन आणि ड्वेन ऑलमन या नावाजलेल्या गिटारवादकांनी १९७० साली मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत ५ वॉटचे छोटे फेंडर चॅम्प वापरले होते. फरक पडतो तो स्पीकर, माइक आणि खोलीचा. एसएम ५७ हा माइक जाळीला चिकटवून स्पीकरच्या मधोमध धरलात तर आवाज तिखट येतो, कडेला सरकवलात की मऊ होत जातो, आणि हा फरक कधीकधी ॲम्प बदलण्याइतका मोठा असतो.

पण फ्लॅटमध्ये माइक म्हणजे पंखा, कुकरची शिट्टी सगळंच रेकॉर्ड. म्हणून मी तरी बॉस कटाना ५० सारखा मॉडेलिंग ॲम्प (वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) घ्या म्हणेन, अर्ध्या वॉटवर वाजतो आणि यूएसबीने सरळ कॉम्प्युटरला जोडता येतो. बजेट अजून कमी असेल तर ॲम्पच नको, ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) इन्स्ट्रुमेंट इनपुटला गिटार लावा आणि कॉम्प्युटरवर न्यूरल ॲम्प मॉडेलर हे ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. फक्त पुढे कॅबिनेटचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकर आणि माइकच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) लावायला विसरू नका, नाहीतर डिस्टॉर्शन मधमाश्यांच्या पोळ्यासारखं वाजतं, कारण गिटारचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वरचं बरंचसं कापतो आणि आयआर नसेल तर ते कापणारं कोणीच नसतं. यात कोरा गिटार ट्रॅक हाताशी राहतो, टोन नाही आवडला तर परत न वाजवता ॲम्प बदलता येतो, मला हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आणि हो, घरातलं अर्थिंग आधी तपासून घ्या, विशेषतः गिटारला सिंगल कॉइल पिकअप (एकाच वेटोळ्याचे, विजेची घरघर जास्त पकडणारे) असतील तर, ५० हर्ट्झची घूं घूं कुठल्याच महागड्या ॲम्पने जात नाही.

एवढं सांगूनही ट्यूबवालाच घेणार असाल तर स्पीकर किंवा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पची ताकद झेलणारा डबा) न जोडता वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर उडू शकतो.