ऑफिसातले सगळे संगणक लिनक्सवर आहेत, पण दोघातिघांना एमएस एक्सेल लागतंच. काय करावं?

आधी त्यांना विचारा, एक्सेलच हवंय की फक्त एक्सेलच्या फायली उघडायच्यात? फायलीच असतील तर लिबरऑफिस (लिनक्सवर चालणारं मोफत ऑफिस) पुरतं. कार्लिटो फॉन्ट तेवढा टाकून घ्या. त्याच्या अक्षरांची रुंदी मायक्रोसॉफ्टच्या कॅलिब्री फॉन्टएवढीच असल्याने पानं हलत नाहीत.

खरी डोकेदुखी व्हीबीए मॅक्रोंची, म्हणजे एक्सेलमध्ये आपोआप कामं करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची. लिबरऑफिसमध्ये ते थोडेफार चालतात, पण मोठ्या शीटमध्ये कुठेतरी अडतंच. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) ऑफिस २०१० सारखी जुनी आवृत्ती बऱ्यापैकी चालते. मायक्रोसॉफ्ट ३६५ या वर्गणीवाल्या ऑफिसच्या नादी मात्र लागू नका, वेळ जातो.

मी असतो तर एकच विंडोज मशीन ठेवलं असतं आणि लिनक्सवरून रेमिना या प्रोग्रामने त्यावर रिमोट डेस्कटॉप घेतला असता, म्हणजे ते मशीन दुरूनच आपल्या स्क्रीनवर वापरलं असतं. विंडोज प्रोवर एका वेळी एकच जण बसू शकतो (होममध्ये तर ही सोयच नाही). तिघांना एकदम काम करायचं असेल तर विंडोज सर्व्हर आणि प्रत्येकासाठी वेगळं रिमोट डेस्कटॉप लायसन्स घ्यावं लागेल. ऑफिसचं घरगुती लायसन्सही तिथे चालत नाही. खर्चाचा अंदाज आधीच साहेबांच्या कानावर घाला.

फायली सांबा शेअरवर (लिनक्स आणि विंडोज दोन्हींना चालणाऱ्या नेटवर्क फोल्डरमध्ये) ठेवा, म्हणजे दोन्हीकडून दिसतील.