वरच्या दर्जाची नवी मॅच एअर रायफल हातात आल्यावर पहिल्या काही दिवसांत नेमकं काय जाणवतं?

तुमचा प्रश्न असा आहे: क्लबच्या जुन्या रायफलवर दोन वर्षं सराव झाला, आता स्वतःची १० मीटरची वरच्या दर्जाची रायफल घ्यायची आहे, स्पर्धा सहा आठवड्यांवर आली आहे, तर नवी रायफल हातात आल्यावर खरंच फरक कळतो का, की नुसतं नवेपणाचं अप्रूप असतं?

माझी रायफल येऊन तीन आठवडे झाले. रोजच्या नोंदी वहीत आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मॉडेलचं नाव मात्र लिहीत नाही. फाइनवेर्कबाऊ, वाल्टर, अन्शुत्झ, स्टायर यांच्या वरच्या श्रेणीतल्या रायफलींची मूळ रचना बरीचशी सारखी असते, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं यातल्या कुठल्याही रायफलला लागू पडेल.

फरक कळतो. पण मला वाटला होता तिथे नाही.

माझी समजूत अशी होती की महाग रायफल म्हणजे जास्त अचूक नळी. पेटीत कंपनीचं टेस्ट कार्ड होतं. रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळून मारलेले पाच शॉट आणि पाचांचं मिळून एकच छिद्र, एका पेलेटच्या (छर्र्याच्या) छिद्राहून जेमतेम मोठं. ते बघून मी हरखून गेले. दुसऱ्या दिवशी कोचनी क्लबची जुनी, लाकडी स्टॉकची (दस्त्याची) रायफल व्हाइसमध्ये लावली आणि मला पाच शॉट मारायला सांगितले. तिचंही एकच छिद्र! दोन्ही कार्डं शेजारी ठेवली तर कुठलं कुणाचं हे ओळखू येईना. म्हणजे माझे जे ९.४ आणि ९.६ गुणांचे शॉट जात होते, ते नळीमुळे जातच नव्हते. तुमच्या क्लबची रायफल नीट राखलेली असेल, तर घेण्यापूर्वी हा प्रयोग जरूर करा. कुठल्या गोष्टीसाठी पैसे मोजतोय याचा अंदाज येतो.

मग फरक कुठे आहे? सगळ्यात आधी स्टॉकमध्ये, आणि तो फार मोठा आहे.

त्याआधी थोडा हिशेब. लक्ष्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका ०.५ मिमीचा आणि पेलेट ४.५ मिमीचं. पेलेटची कड ठिपक्याला टेकली की १०.० मिळतात, म्हणजे मध्यापासून २.५ मिमीपर्यंतची चूक चालते. त्याच्या आत दर ०.२५ मिमीला एक दशांश वाढत जातो, तो १०.९ पर्यंत. आता हेच उलट्या बाजूने बघा. १० मीटरवर २.५ मिमी म्हणजे रायफलच्या ८० सेंमी लांबीत ०.२ मिमी. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत कुठेतरी एवढी हालचाल झाली की दहा गेला. ती हालचाल स्नायूंनी धरून थांबवता येत नाही, कारण स्नायू थरथरतोच. रायफलचं वजन हाडांवर उतरलं आणि अंग सैल पडलं, तरच ती कमी होते. आणि रायफल अंगाच्या मापाची नसेल, तर अंग सैल पडूच शकत नाही.

जुन्या रायफलवर मी रायफलच्या मापात बसत होते. मान थोडी पुढे, गाल थोडा दाबलेला, उजवा खांदा किंचित उचललेला. दोन वर्षांत त्याची इतकी सवय झाली की तो ताण आहे हेच विसरायला झालं. नव्या ॲल्युमिनियम स्टॉकवर चीक पीस (गाल टेकवायचा भाग) वर-खाली, आत-बाहेर आणि तिरपा होतो. बट प्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या भागाची) लांबी, उंची आणि कल बदलतो. ग्रिप फिरते, पुढच्या हाताखालचा आधार वर-खाली सरकतो. पहिल्यांदा हे सगळं बघितल्यावर ॲलन की घेऊन एकेक स्क्रू फिरवून बघावासा वाटतो. तिथेच स्वतःला आवरा.

कोचनी पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टींना हात लावू दिला, बट प्लेटची लांबी आणि चीक पीस. चीक पीस बसवण्याची त्यांची पद्धत मला इतकी पटली की ती जशीच्या तशी सांगते. लक्ष्याकडे तोंड करून उभं राहायचं, डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, मान सैल सोडायची, श्वास सोडायचा, आणि मगच डोळे उघडायचे. पहिल्या वेळी डोळे उघडले तेव्हा डायऑप्टरच्या (डोळ्याजवळच्या साइटच्या) भोकात फ्रंट साइटचा (नळीच्या टोकावरच्या साइटचा) गोल पूर्ण दिसतच नव्हता, त्याची खालची कड कापली गेली होती. मी लगेच मान उचलून तो मध्यावर आणला. कोच म्हणाले, "मान नको, चीक पीस उचल." दोन मिमी वर. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तेच. आणखी एक मिमी. चार मिमी झाले तेव्हा डोळे उघडल्या क्षणी डायऑप्टरच्या बरोबर मध्यभागी फ्रंट साइट, तिच्यात रिंग आणि रिंगमध्ये लक्ष्याचा काळा गोल, सगळं एकात एक बसलेलं दिसलं. मी काहीही न करता. या सगळ्याला चाळीस मिनिटं लागली आणि त्या दिवशी एकही पेलेट खर्ची पडलं नाही. तीन आठवड्यांतलं माझं सगळ्यात मोलाचं सत्र तेच.

तेव्हापासून नियम ठेवलाय: एका सत्रात एकच बदल, तोही स्टॉकवरच्या खुणांचा आकडा वहीत लिहून. स्क्रू फिरवला, दहा शॉट चांगले गेले, म्हणून दुसरा फिरवला, असं केलं की चार दिवसांनी नक्की कशामुळे बिघडलं ते शोधता येत नाही. माझ्या शेजारच्या लेनवरच्या एका मुलाचे यात पंधरा दिवस गेले.

ट्रिगरबद्दल सावध करायला हवं. १० मीटर एअर पिस्तुलाला ट्रिगरचं किमान वजन ५०० ग्रॅम असावं लागतं. एअर रायफलला अशी खालची मर्यादाच नाही. माझा ट्रिगर १०० ग्रॅमच्या आसपास लावलेला आला. क्लबच्या रायफलचा याहून बराच जड होता, त्यामुळे बोटाला वेगळीच सवय लागलेली. नव्या रायफलवर मारलेल्या पहिल्या दहा शॉटमधले तीन माझ्या मनाविरुद्ध सुटले, रायफल अजून काळ्या गोलावर स्थिरावतच होती. एक आठात गेला. नळी लक्ष्याकडेच होती म्हणून निभावलं, पण नव्या ट्रिगरवर हे होतंच असं धरून चाला आणि रायफल लक्ष्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरपासून लांबच ठेवा.

यावर उपाय ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर दाबायचा सराव. मी तीन दिवस पेलेटच घातलं नाही. ट्रिगरची पहिली, सैल स्टेज घ्यायची, पुढे बोटाला भिंतीसारखा अडथळा लागतो तिथे थांबायचं, मग शॉट सोडणारी दुसरी. नव्या ट्रिगरची खरी खुबी हलकेपणात नाही, त्या भिंतीत आहे. जुन्या रायफलला पहिली स्टेज कुठे संपते ते दर वेळी चाचपावं लागे. इथे भिंत प्रत्येक वेळी त्याच जागी, तशीच लागते. चौथ्या दिवशी बोट तिथे आपोआप थांबायला लागलं. त्यानंतर ट्रिगरचं वजन मी थोडं वाढवलं आणि मला तेच बरं वाटतं. सगळ्यात हलका ट्रिगर सगळ्यात चांगला, हा समज निदान माझ्या हाताला तरी लागू नाही.

आता ज्याच्यासाठी मी ही रायफल पुन्हा घेईन ती गोष्ट. यात ॲब्सॉर्बर आहे. शॉट सुटताना एक छोटं वजन उलट्या दिशेने सरकतं आणि मागे येणारा धक्का गिळून टाकतं. अर्ध्या ग्रॅमच्या पेलेटचा धक्का तो केवढा, असं मलाही वाटायचं. पण जुन्या रायफलला शॉट गेला की रिंग बारीकशी उडायची आणि काळा गोल क्षणभर हरवायचा. नव्या रायफलवर शॉट गेल्यावरही काळा गोल रिंगमध्येच असतो. पहिल्यांदा तर शॉट गेलाच नाही असं वाटलं, मॉनिटरवर १०.३ दिसला तेव्हा कळलं.

याचा उपयोग असा की आता सुटतानाचं चित्र मला दिसतं. साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने पेलेटला लक्ष्यापर्यंत जायला ०.०६ सेकंद लागतात. त्या क्षणी रिंग कुठे होती आणि पुढे कुठे गेली, हे धक्क्यात हरवत नाही. शॉट कॉल करणं, म्हणजे मॉनिटर बघण्याआधी तो कुठे लागला ते सांगणं, मला दोन वर्षांत जमलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात दहापैकी सात कॉल बरोबर यायला लागले. आणि त्यातूनच कळलं की माझे उजवीकडचे नऊ हे शॉट सुटल्या सुटल्या गाल उचलल्यामुळे जातात. ही सवय जुन्या रायफलवरही असणारच, पण तिथे ती धक्क्यामागे लपून जायची.

गुणांचं म्हणाल तर आधी घसरले. जुन्या रायफलवर ६० शॉटला माझे ६१७च्या आसपास येत. नव्या रायफलवरची पहिली पूर्ण मॅच ६०६. घरी जाताना रडू आलं होतं, खरंच. दुसऱ्या आठवड्यात ६१३, तिसऱ्याच्या शेवटी ६१९. एवढ्यावरून रायफलने दोन गुण दिले असं मी म्हणणार नाही, तेवढा चढ-उतार एरवीही होतो. पण मॅचच्या शेवटी शेवटी येणारी पाठीची कळ गेली आहे, आणि ती नक्कीच रायफलमुळे.

बाकीचं भराभर सांगते. रायफलच्या हवेचा सिलिंडर २०० बार दाबाचा असतो, त्यावरची तारीख घेतानाच बघा. सहसा दहा वर्षांची मुदत असते आणि ती संपलेली नाही हे बघणं स्पर्धेत खेळाडूचीच जबाबदारी. भरायची ती स्वच्छ, कोरडी हवा. ऑक्सिजन कधीही नाही, त्यात स्फोटाचा धोका असतो. भरताना घाई केली तर सिलिंडर तापतो आणि निवल्यावर दाब उतरलेला दिसतो, म्हणून सावकाश भरा. आत रेग्युलेटर असल्यामुळे पहिल्या आणि शंभराव्या शॉटला वेग सारखाच मिळतो, पण काटा फार खाली जाईपर्यंत ताणू नका. मी १०० बारला भरून घेते.

पेटीत जादा वजनं येतात. नियमाप्रमाणे रायफल ५.५ किलोपर्यंत चालते म्हणून लगेच तिथवर नेऊ नका. माझी सध्या ४.७ किलो आहे आणि वजनांच्या पिशवीची गाठ मी अजून सोडलेली नाही. फ्रंट साइटची रिंग मात्र बदलली, ३.६ मिमीची काढून ४.२ची लावली. काळ्या गोलाभोवती पांढरा पट्टा जरा रुंद दिसला की डोळा शांत राहतो, गोल मध्यावर आहे का हे शोधत बसत नाही.

पेलेटची निवड शेवटी करा. ४.४९ की ४.५० मिमी, कुठल्या लॉटचं, हे व्हाइसमध्ये मारून ठरवायचं असतं, आणि तुमचा होल्ड (रायफल स्थिर धरणं) बसेपर्यंत त्या फरकाचा उपयोग नाही.

राहिली तुमची स्पर्धा. रायफल या आठवड्यात हातात येत असेल तर तिच्यावरच खेळा. पहिले तीन दिवस ड्राय फायर, पुढचे दोन आठवडे एकेक बदल, आणि स्पर्धेआधीचे दहा दिवस ॲलन की पेटीत बंद. यायला आणखी पंधरा दिवस लागणार असतील तर स्पर्धा क्लबच्या रायफलवरच खेळा आणि नवी रायफल स्पर्धा संपेपर्यंत रेंजवर आणूच नका. दोन्ही आलटून पालटून मारू नका, बोटाला दोन वेगवेगळ्या भिंती एकाच वेळी लक्षात राहत नाहीत. चीक पीसचं मात्र आजच करून बघा, क्लबच्या रायफलवरसुद्धा. तिचा चीक पीस हलत असेल तर डोळे मिटून रायफल लावा, उघडा, आणि काय दिसलं ते मला इथे लिहून कळवा.